सहा दिवस आणि साडेसहा कोटी वर्षे

करंजाड्याहून गोवा महामार्गाला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. गडावर चढून त्याला हात लावून पाहावा. काळा कातळ, त्यातल्या उभ्या भेगा, भेगांत रुजलेले गवत, पायथ्याशी खोदलेली पाण्याची टाकी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून लाव्हाचे लोट आले आणि थरावर थर साचत गेले. कर्नाळा, प्रबळगड, माथेरान ही सगळी त्याच दख्खनी बेसाल्टची घडण. करंजाड्याच्या दुसऱ्या अंगाला, गाढी नदी ओलांडली की पनवेल. तिथे बेने इस्रायली या यहुदी समाजाचे ‘बेथ एल’ सिनेगॉग १८४९ पासून आहे. यहुदी कालगणनेत २०२५ च्या सप्टेंबरात ५७८६ वे वर्ष लागले, आणि ही वर्षे मोजतात ती जगाच्या उत्पत्तीपासून.

ख्रिस्ती जगातही असाच हिशेब झाला. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळी आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४ च्या ऑक्टोबरात नेऊन ठेवला. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात हे साल छापले जाऊ लागले आणि वाचणारे त्यालाही वचनाइतकाच मान देऊ लागले. अशर यांना आज हसणे मला पटत नाही. ते मोठे विद्वान होते आणि दगडाचे वय काढण्याचे साधन त्यांच्या काळात नव्हतेच. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणांतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे काढले. त्यानंतरही सहा हजार वर्षांचा हट्ट धरणाऱ्यांना मात्र ही सबब नाही.

मुळात बायबलमधले ‘उत्पत्ती’चे पुस्तकच शब्दशः वाचू देत नाही. पहिल्या दिवशी प्रकाश होतो आणि सूर्य येतो चौथ्या दिवशी. मग आधीच्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ झाली कशी? ही शंका डार्विनने काढलेली नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडितानेच ती विचारली होती. पहिल्या अध्यायात झाडे, प्राणी आणि सर्वांत शेवटी माणूस, तर दुसऱ्यात माणूस आधी, बाग आणि प्राणी मागून. ज्यांनी हे दोन्ही अध्याय शेजारी शेजारी जपले, त्यांच्या ध्यानात हा फरक आला नसेल असे मला वाटत नाही. संत ऑगस्टिन (३५४–४३०) यांनी हे दिवस आपल्या रोजच्या दिवसांसारखे नाहीत असे मांडले. त्यांनी बजावूनही ठेवले, की आकाश-पृथ्वीविषयी चुकीचे बोलून वर बायबलचा आधार देऊ नका, कारण जाणकार ऐकणारा मग त्या ग्रंथातल्या कशावरच विश्वास ठेवणार नाही.

यहुदी परंपरेत बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस यांनी याहून स्पष्ट भूमिका घेतली. जग अनादी आहे असे कोणी सिद्ध केले, तर उत्पत्तीच्या वचनांचा लाक्षणिक अर्थ लावायला आपल्याला अडचण नाही. ते सिद्ध झालेले नाही म्हणून आपण तसा लावत नाही, असे त्यांचे म्हणणे. याच मायमोनिडीस यांच्या एका पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा उल्लेख येतो: त्यांना तोरा हा धर्मग्रंथ ठाऊक नाही, शब्बाथ म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा आणि सुंता एवढेच ते पाळतात. हा उल्लेख कोकणातल्या बेने इस्रायलींविषयी असावा असे काही अभ्यासक मानतात.

तो असो वा नसो, वर्णन मात्र तंतोतंत जुळते. कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी हे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू विसरलेली, ग्रंथ हाती नाही, तरी सातवा दिवस सुटला नाही. शब्बाथच्या आज्ञेत गुराढोरांनाही विसावा सांगितला आहे. म्हणजे घाण्याचा बैलही त्या दिवशी मोकळा. सृष्टी सहा दिवसांत झाली की कोट्यवधी वर्षांत, याने त्या बैलाच्या विसाव्यात काय फरक पडतो? ‘उत्पत्ती’च्या त्या अध्यायाचे खरे काम मला इथे दिसते, भूगर्भशास्त्राच्या परीक्षेत नाही.

या समाजाच्या आपल्या कथेचीही तपासणी झाली आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचा वंश वाढला, अशी ती कथा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलींमध्ये मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा, असे दोन्ही वारसे ठळकपणे आढळले. दोहोंचा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा. सात जोडप्यांचा आकडा विज्ञानाने सिद्ध केला नाही. दूरवरून आल्याची आठवण मात्र खरी निघाली.

महाराष्ट्रात वचन आणि खडक यांच्या प्रश्नाशी सर्वांत जवळून गाठ पडली ती नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांची. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक पिंजून काढले. टाकळीजवळ लाव्हाच्या दोन थरांच्या मधोमध त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगड होऊन पडलेले मिळाले. याचा अर्थ नीट पाहा: एक लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळे साचले, तळ्यात जीव नांदले, आणि मग दुसरा लाव्हा त्यावर पसरला. हे काही आठवड्याभराचे काम नव्हे. त्यांच्याच चर्चचे पुढारी थॉमस चाल्मर्स ‘उत्पत्ती’च्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये अगणित काळ गेला असे सांगत. त्याच चर्चचे ह्यू मिलर एकेक दिवस म्हणजे एकेक युग मानत. हिस्लॉप दिवसा शिकवत, प्रवचने देत आणि लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सोसायटीसाठी निबंध लिहीत. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते पुराच्या पाण्यात बुडून गेले.

चाल्मर्स, मिलर यांची ही तोड मला मात्र पुरेशी वाटत नाही. दिवसाला युग म्हटले तरी झाडे सूर्याच्या आधीच राहतात. वचन आणि खडक यांची ओढून-ताणून जुळणी करणे हाही शब्दाला चिकटण्याचाच प्रकार आहे.

त्याच शतकात मुंबईत हिंदू पंडित आणि मिशनरी यांचे वाद रंगत होते. मोरभट दांडेकर यांच्या ‘श्रीहिंदुधर्मस्थापने’ला मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये उत्तर दिले. माणगाव तालुक्यातल्या शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर जाहीर सभांत मिशनऱ्यांना भिडले. पुराणांतले दुधाचे आणि उसाच्या रसाचे समुद्र, मेरू पर्वत हे सगळे शाळेतल्या भूगोलाने खोडून काढणे हे तेव्हाच्या मिशनऱ्यांचे ठरलेले हत्यार होते. पण युरोपात नेमका याच सुमारास ‘उत्पत्ती’चा अध्याय खडकांपुढे अडचणीत आला होता. दुसऱ्याचे पुराण शब्दशः वाचायचे आणि आपले लाक्षणिक, हा पक्षपात दोन्ही बाजूंनी झाला. आजही होतो.

वास्तविक वचन कसे वाचावे याची आपल्याकडे शिस्त फार जुनी आहे. यज्ञातला खांब सूर्य आहे अशा वैदिक वाक्यांना मीमांसकांनी अर्थवाद ठरवले: ते वर्णन आहे, गौरव आहे, वस्तुस्थितीचे विधान नाही. शंकराचार्यांनी गीताभाष्यात म्हटले आहे, की अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण होत नाही. आर्यभटाने ग्रहण सावल्यांनी होते असे लिहिले, आणि पंचांगकर्ते ग्रहणाची वेळ राहूच्या गोष्टीवरून नव्हे, गणितानेच काढतात. कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय त्याच्या आसपासचे, म्हणून पूर्वजांना सगळे माहीत होते, असे व्याख्यानांत ऐकू येते. तो कल्पाचा आकडा ग्रहगतींच्या गणितातला आहे, कोणी दगड तपासून काढलेला नाही. ही जुळणी मिलर यांच्या जुळणीच्याच जातीची.

जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह, पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त, औरंगाबादेत म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे ना लिहिले आहे ना सांगितले आहे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून हे खोडले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी तो परत आणण्याची मागणी सह्यांनिशी केली. करंजाड्यात आणि पनवेलमध्ये सीबीएसईच्या वर्गांत बसणारी मुले तेच पुस्तक वाचतात. शाळेची सहल कर्नाळ्याला गेली, तर त्या कातळाच्या वयाबद्दल त्यांना सांगणारा धडा त्यांच्या दप्तरात असायलाच हवा.