प्रातःकालचे बातमीपत्र व त्यातील प्रमाद

नभोवाणीवर बातम्या दिवसातून अनेक वेळा सांगितल्या जातात. परंतु सकाळच्या बातम्यांची जात निराळी आहे. रात्रीच्या बातम्या मनुष्य बसून ऐकतो, सकाळच्या तो उभ्याने ऐकतो. मुंबईच्या उपनगरांत तर हे विशेषच दृष्टीस पडते. मुलुंडचा किंवा बोरीवलीचा गृहस्थ एका हातात चहाचा पेला व दुसऱ्या हातात पायमोजा घेऊन ठळक बातम्या ऐकतो, हवामानाच्या वृत्तापर्यंत कसाबसा थांबतो, आणि छत्री घ्यावी की न घ्यावी एवढा निर्णय होताच स्टेशनची वाट धरतो. घरातील इतर मंडळी तर बातम्यांचा उपयोग घड्याळासारखाच करीत आली आहेत. ‘बातम्या लागल्या, ऊठ आता’ हे वाक्य न ऐकता शाळेत गेलेले मूल मागच्या पिढीत विरळाच.

या उभ्या श्रोतृवर्गामुळे सकाळच्या चुकीला एक वेगळे गांभीर्य प्राप्त होते. वर्तमानपत्रात काही चुकीचे छापले गेले, तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्याच वाचकापुढे दुरुस्ती करता येते. रात्रीच्या बातम्यांत चूक झाली, तर श्रोता बहुधा पुढचे वाक्य ऐकण्यास जागेवर असतो. सकाळी सातच्या सुमारास झालेली चूक मात्र श्रोत्याबरोबर गाडीत चढते, अंधेरीपर्यंत चार जणांच्या कानी पडते, आणि दुरुस्ती सांगितली जाते तेव्हा घरचा रेडिओ बंद झालेला असतो.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हॉइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. ते चालविणारी खासगी कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली. १९३० साली सरकारने कारभार हाती घेतला, व १९३६ साली त्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. बातमी वाचली जाते चर्चगेटजवळच्या वास्तूत, पुण्यास किंवा दिल्लीस. परंतु मुंबईच्या मध्यम लहरी आकाशात सुटत आल्या आहेत त्या मालाडच्या प्रक्षेपकांतून. म्हणजे बोरीवलीच्या स्वयंपाकघरातला आवाज दूरचा वाटला, तरी त्याचा शेवटचा टप्पा शेजारचाच असतो.

एवढ्या लांबच्या मार्गात कोठे तरी खंड पडणे स्वाभाविक आहे. बातम्या चालू असता एकाएकी शांतता पसरते, आणि घरोघरी रेडिओच्या पाठीवर थाप बसते. वस्तुतः मध्यम लहरींवर दोष कोठे आहे हे थोडे कान देऊन ओळखता येते. आवाज गेला, परंतु यंत्रातून खरखर वाढली नाही, तर प्रक्षेपक चालू आहे आणि अडचण त्याच्या अलीकडे, म्हणजे निवेदनकक्षात किंवा मधल्या जोडणीत आहे असे समजावे. आवाज जाताच खरखर उसळून आली, तर प्रक्षेपकच थांबला. कारण वाहक लहर नाहीशी झाली की ग्रहणयंत्र आपली शक्ती आपोआप वाढविते व आसमंतातील सारा कचरा गोळा करते. लोहमार्गालगतच्या घरांत विजेच्या गाडीची ठिणगी, आणि कोठेही शेजारणीचा मिक्सर, हे दोन उपद्रव यांखेरीज आहेतच; त्यांचा दोष मात्र नभोवाणीच्या माथी मारू नये.

आता निवेदकाच्या जिभेकडे वळू. निवेदकास अडखळविणारी सर्वांत मोठी गोष्ट परकी नावे होत, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मराठी निवेदकाचा खरा शत्रू म्हणजे आकडा. ‘६३’ हा आकडा इंग्रजी वाचणारा जसा दिसतो तसा डावीकडून उजवीकडे उच्चारतो. मराठीत डोळ्यास आधी सहा दिसतो, आणि मुखाने आधी तिनाचा ‘त्रे’ काढावा लागतो. ‘७९’ची गोष्ट त्याहून अवघड. तेथे लिहिलेला सात उच्चारातून पार नाहीसा होतो आणि कागदावर कोठेही नसलेली ऐंशी एकोणाच्या पाठोपाठ येते. पहाटे उठून आलेल्या माणसाने हे गणित क्षणार्धात, तेही बाजारभावांच्या रांगेत, करावयाचे असते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा प्रकारच्या संख्यावाचनाचा पर्याय आला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. आक्षेप घेणारांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. एकवीस, बावीस हे भाषेचे धन आहे. परंतु ज्याला सकाळी सात वाजता कांद्याचा भाव वाचावा लागतो, तो त्या सूचनेस हसणार नाही.

दुसरा सापळा मराठी वाक्याच्या शेपटीत आहे. आपल्या भाषेत नकार बहुधा अखेरीस येतो. समजा, मुसळधार पावसाच्या सकाळी निवेदकाने सांगितले, ‘ठाण्याच्या पुढे जाणाऱ्या गाड्या आज धावणार नाहीत.’ नेमका शेवटचा शब्द कुकरच्या शिटीत बुडाला, तर मुलुंडच्या श्रोत्यास गाड्या धावणार असेच ऐकू येईल, आणि तो भिजत फलाटावर जाईल. येथे निवेदकाचे काहीही चुकलेले नाही; चूक लिहिणाराची आहे. ‘गाड्या आज बंद’ असे लिहिले असते, तर शब्द गळला तरी अनर्थ झाला नसता. कानासाठी लिहिणे व डोळ्यासाठी लिहिणे यांतील भेद एवढ्यात आहे, आणि तो ज्यास कळला नाही त्याने वर्तमानपत्रात खुशाल लिहावे, नभोवाणीसाठी लिहू नये.

हसू ही आणखी एक आपत्ती. २८ मार्च २००८ रोजी सकाळी लंडनच्या बी. बी. सी.वर एक विलक्षण ध्वनिमुद्रण ऐकविण्यात आले. ते १८६० सालचे, म्हणजे एडिसनच्या फोनोग्राफच्याही आधीचे होते. ते संपल्यावर कोणी तरी कानात पुटपुटले की हा तर बाटलीत कोंडलेल्या मधमाशीचा आवाज! निवेदिका शार्लट ग्रीन यांना हसू आवरेना, आणि दुर्दैवाने पुढची बातमी एका चित्रपटलेखकाच्या निधनाची होती. त्याच संस्थेच्या ‘टुडे’ नामक सकाळच्या कार्यक्रमाचे जुने निवेदक जॅक डी मॅनियो तर वेळ चुकीची सांगण्याबद्दलच प्रसिद्ध होते. श्रोत्यांनी त्यांना १९५८ पासून १९७१ पर्यंत आनंदाने सहन केले. विरारच्या गाडीसाठी धावणाऱ्यांनी ते सहन केले असते की नाही, याची शंकाच आहे.

आणि १८ एप्रिल १९३० रोजी, गुड फ्रायडेच्या रात्री, याच बी. बी. सी.ने ‘आज काही बातमी नाही’ असे सांगून पियानो लावला होता. तो प्रसंग आजवर कौतुकाने सांगितला जातो. परंतु त्याच रात्री, लंडनमधील त्या निवेदनाच्या काही तास आधी, सूर्य सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चितगावच्या शस्त्रागारावर छापा घातला होता. बातमी नव्हती असे नव्हे. ती पोहोचली नव्हती.

येथपर्यंतचे सर्व प्रमाद ऐकू येणारे झाले. अडखळणे, खोकला, हसू, शांतता यांचा सुगावा श्रोत्यास तत्क्षणी लागतो, व तो सावध होतो. खरी भीती ऐकू न येणाऱ्या चुकीची आहे. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात उपचार घेत होते. त्या दिवशी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत त्यांच्या निधनाची वार्ता सांगितली. संसदेचे काम थांबले, नभोवाणीचे नेहमीचे कार्यक्रम बंद झाले, शाळा व दुकाने मिटली. जयप्रकाशजी जिवंत होते! त्यांचे देहावसान पुढे ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास झाले. चर्चगेटचे नभोवाणी केंद्र आणि पेडर मार्गावरील ते रुग्णालय यांत काही थोड्या मैलांचे अंतर; परंतु बातमी मुंबईची असूनही ती दिल्लीहून आली, आणि दिल्लीहून आली म्हणून खरी मानली गेली. ज्याने कोणी ती वाचली त्याच्या उच्चारात दोष नसेल, आकडा चुकला नसेल, पान उलटे लागले नसेल. २०२४ साली दूरदर्शनच्या किसान वाहिनीवर यंत्ररचित निवेदक आणण्यात आले. ते खोकत नाहीत व हसतही नाहीत. परंतु असे वाक्य हाती दिले तर तेही ते तितक्याच शांतपणे वाचतील.

घाईचे हे उदाहरण, तसे विलंबाचेही आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या; आकाशवाणीने त्यांच्या निधनाचे वृत्त सांगितले ते सायंकाळी. तोपर्यंत लोकांनी परदेशी केंद्रे लावून सत्य जाणले होते. मौन हाही एक प्रमादच आहे, व त्याची किंमत उपनगरांनी स्वतः पाहिली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ठिकठिकाणी वीज गेली. दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत पाण्याचा लोंढा येत असल्याची अफवा पसरली. लोक जीव घेऊन पळाले, आणि चेंगराचेंगरीत अनेकांचे प्राण गेले. त्यांत मुलेही होती. पाणी आले नाही. अशा काळोखात, विश्वास ठेवावा असा एक परिचित आवाज ट्रान्झिस्टरवर असणे म्हणजे काय, हे त्या वस्तीस सांगावे लागणार नाही.

तेव्हा चूक झाल्यावर काय करावे? ‘क्षमस्व’ म्हणून पुढे जाणे पुरेसे नाही, कारण अर्धवट ऐकणारास काय चुकले ते कळत नाही. चुकीचे वाक्य पुन्हा उच्चारून ‘ते तसे नव्हे’ म्हणणे त्याहून वाईट. तो नेमके तेच पुन्हा ऐकतो. बरोबर असलेली गोष्ट तेवढी, स्थळ व वेळ यांसह, पूर्ण सांगावी. आणि ती त्याच बातमीपत्रात एकदा सांगून न थांबता दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच वेळी, हवामानाच्या वृत्ताच्या आधी पुन्हा सांगावी. तेव्हा तोच गृहस्थ, तोच पेला घेऊन, त्याच जागी उभा असतो.