कातडीचे भांडवल

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पेशी आणि ऊती यांच्याशी माझा संबंध दहावीबरोबर संपला होता. (कन्नडमध्ये ऊतीला 'अंगांश' म्हणतात, शब्द मला अधिक सोपा वाटतो.) पण गेल्या वर्षी निपाणीला मामींच्या पायांवर उकळते पाणी सांडले. डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून पायांवर लावली. मामा म्हणाले, "एक जखम भरायला दुसरी करायची! कातडी बाहेर वाढवता येत नाही का रे?"

शोध घेतला, तेव्हा कळले की येते. हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स ऱ्हाइनवाल्ड यांनी १९७५ साली अमेरिकेत माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८३ मध्ये ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेले दोन लहान भाऊ अशा त्वचेमुळे वाचले. नवल असे की, ग्रीन यांचा मूळ अभ्यास त्वचेचा नव्हताच. उंदरांतील एका गाठीचा अभ्यास करताना त्यांना ही वाट सापडली.

येथे आमचा विषय सुरू होतो. उंदराच्या गाठीवर कोणती बँक कर्ज देईल? तारण नाही, मुदत ठाऊक नाही, आणि हाती येणारे ज्ञान साऱ्या जगाचे. म्हणून पहिला खर्च सरकारलाच उचलावा लागतो. आपल्याकडे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग हे काम करतो. त्याच्या पैशावर पुण्यात १९८८ साली राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र उभे राहिले. शेतकऱ्याला बियाणे मिळावे, तशा तेथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी मिळतात. बंगळूरची 'इनस्टेम' ही संस्था २००९ ची. मूळपेशी व शरीराची पुनर्बांधणी हाच तिचा विषय. नव्या उद्योजकांसाठी २०१२ साली 'बायरॅक' स्थापन झाली. तिच्या एका योजनेत नव्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत अनुदान मिळते.

मात्र संशोधन चालू असणे म्हणजे औषध तयार असणे नव्हे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही विकारांतील प्रत्यारोपण सोडले तर मूळपेशींचा वापर रीतसर परवानगीच्या चाचण्यांतच करता येतो; उपचार म्हणून विकता येत नाही. जाहिरात वाचून शेत विकायला निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मामी आता चालतात. मांडीवरचा व्रण मात्र राहिला. निपाणीच्या विडीवरचा करही त्याच सरकारी तिजोरीत जातो. तेव्हा मामांचा प्रश्न अडाणी नव्हता. तो एका भागधारकाचा प्रश्न होता.