हत्तीरोगाचा कृमि आणि शरीराचें मौन

पायांत कांटा मोडला तर ती जागा लाल होते, सुजते व ठणकते. वैद्यकांत यास दाह म्हणतात. शरीराच्या रक्षकांनीं दिलेली ती हांकच होय. असें असतां हत्तीरोगाचा सुतासारखा बारीक कृमि आपल्या लसिकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षें सुखानें नांदतो. त्याचीं असंख्य पिलें रात्रीं रक्तांत हिंडतात आणि पुष्कळांना त्याची वार्ताहि नसते! लुइस या संशोधकानें हीं पिलें १८७२ सालीं कलकत्त्यास मनुष्याच्या रक्तांत पाहिलीं. परंतु शरीर त्यांना सहन कां करतें, हें कोडें अलीकडच्या दशकांतच उलगडूं लागलें आहे.

या कृमींच्या अंगीं सिस्टॅटिन नांवाचें प्रथिन असतें. आपल्या भक्षक पेशी शत्रूचे तुकडे करून ते इतर रक्षक पेशींना ओळखीसाठीं दाखवितात. हे तुकडे करणाऱ्या पाचक द्रव्यांच्या कात्र्याच सिस्टॅटिन अडकवून ठेवतें. पुरावाच पुढें आला नाहीं, तर खटला कसा चालावा? शिवाय, तें भक्षक पेशींकडून इंटरल्यूकिन-१० हें दाहशामक द्रव्य निर्माण करवितें. लढाई संपल्यावर शांतता व्हावी म्हणून शरीरानें योजिलेली ही सोय कृमि लढाईपूर्वींच वापरून घेतो.

मग हीच विद्या आपल्या उपयोगी पडेल काय? कांहीं रोगांत शरीराचा दाह स्वतःवरच उलटतो. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं ब्रुगिया मलायी या हत्तीरोगाच्या कृमीचें सिस्टॅटिन प्रयोगशाळेंत तयार करून, मोठ्या आंतड्याचा दाह झालेल्या उंदरांना दिलें. त्यानें रोग सौम्य झाल्याचें त्यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलें. अर्थात् उंदराला मानवलें म्हणजे मनुष्याचें औषध झालें, असें नव्हे. आणि कोणी मुद्दाम कृमि पोसावेत, असा तर याचा मुळींच अर्थ नाहीं.

गृहस्थांनीं ध्यानांत घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. पेणजवळच्या रामवाडीपासून गडचिरोलीपर्यंत डास कोठें नाहीं? जेथें हत्तीरोग आहे तेथें शासन गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुलें व गंभीर आजारी माणसें वगळून सर्वांस गोळ्या देतें. "मी ठणठणीत आहें, मला गोळी कशाला?" असें पुष्कळजण विचारतात. परंतु शरीराचें मौन म्हणजे आरोग्य नव्हे. त्या मौनांतच लसिकावाहिन्या हळूहळू फुगत जातात व डास आपल्या रक्तांतून तीं पिलें शेजाऱ्याच्या घरीं नेतो. गोळीनंतर कित्येकांना एक-दोन दिवस ताप येतो, डोकें दुखतें. तें बहुधा गोळीचें विष नसून, मरणाऱ्या कृमींचे अवशेष रक्तांत मिसळल्यानें जागें झालेलें शरीर असतें. ज्या घरीं असा ताप येईल, त्या घरीं भीतीनें पुढच्या वर्षीं गोळी नाकारूं नये. तिची गरज होती, हेंच त्या तापानें सुचविलेलें असतें.