दुप्पट स्पष्ट, चौपट वेळ

नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून खोडदच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात द्राक्षबागांच्या वर एक जाळीदार वाडगं डोकं काढतं. मग दुसरं, मग तिसरं. सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी. आषाढातली दुपार, ढग टेकडीपर्यंत उतरलेले, आणि तरी ही वाडगी आकाश बघत असतात! खगोलशास्त्रज्ञ म्हणजे रात्री जागून डोळ्याला दुर्बीण लावणारा माणूस, हे आपल्या मनातलं चित्र इथे पहिल्या पाच मिनिटांत पुसलं जातं. रेडिओलहरींना ढगांची अडचण नसते आणि सूर्याचीही फारशी नसते. ही दुर्बीण दिवसपाळीही करते आणि रातपाळीही.

तिचं नाव जीएमआरटी. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. त्यांतल्या 14 सुमारे एक किलोमीटरच्या चौकात दाटीने उभ्या आहेत, उरलेल्या 16 तीन दिशांना शेताशिवारांतून पांगल्या आहेत. टोकापासून टोकापर्यंत अंतर सुमारे 25 किलोमीटर. एका अँटेनाच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढलं तर पावणेसोळा गुंठे भरतं. तिसांचं मिळून पावणेबारा एकर. पावणेबारा एकरांची सुगी, आणि पीक कसलं, तर आकाशातून झिरपणाऱ्या रेडिओलहरींचं.

एवढं मोठं भांडं जाळीचं कसं चालतं? हायड्रोजनच्या अणूतून निघणारी प्रसिद्ध रेडिओलहर 21 सेंटिमीटर लांबीची असते आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. एवढ्या लांब लहरीला ती भोकं कळतच नाहीत. तिच्या लेखी जाळी म्हणजे अखंड आरसा. वारा मात्र आरपार निघून जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च आवाक्यात. ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. 1960च्या दशकात त्यांनी कल्याणला जेमतेम पावणेदोन मीटरच्या 32 तबकड्या मांडून सूर्याची निरीक्षणं सुरू केली. 1970मध्ये उटीला 530 मीटर लांबीची दुर्बीण उभी केली, तीही अशा डोंगरउतारावर, ज्याचा कल तिथल्या अक्षांशाइतकाच, अकरा अंशांचा आहे. त्यामुळे तिचा लांबट आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच आसाभोवती फिरवून ताऱ्यामागे तासन्‌तास जाता येऊ लागलं. डोंगरालाच यंत्राचा भाग करून घेणारा हा माणूस पुढे खोडदला आला.

आता खरी गंमत. या तीस अँटेना मिळून एकच दुर्बीण होतात. आकाशातून आलेली लहर एका अँटेनावर आधी पोचते, दूरच्या अँटेनावर किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त 83 मायक्रोसेकंदांचा. प्रकाशाला 25 किलोमीटर जायला तेवढाच वेळ लागतो. खोडदमधली संगणकयंत्रणा प्रत्येक अँटेनाचा उशीर मोजून भरून काढते आणि प्रत्येक अँटेनाची नोंद दुसऱ्या प्रत्येक अँटेनाशी ताडून बघते. तीस जणांनी एकमेकांशी एकदाच हस्तांदोलन करायचं तर ते 435 वेळा होईल. इथेही तशाच 435 जोड्या. त्यातच पृथ्वी फिरत असल्यामुळे प्रत्येक जोडी दर तासाला आकाशाला नव्या कोनातून सामोरी जाते. हळूहळू बारकावा असा साधतो, जणू 25 किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण आहे. 21 सेंटिमीटरच्या लहरीत हा बारकावा म्हणजे अडीच किलोमीटरवर धरलेलं दहा रुपयांचं नाणं ठिपका म्हणून नव्हे, तर नाणं म्हणून ओळखता येण्याच्या बेताचा.

पण स्पष्ट दिसणं निराळं आणि मुळात काही दिसणं निराळं. हे संकेत कल्पनेपलीकडे क्षीण असतात. चंद्रावर एक चालू मोबाइल नेऊन ठेवला, तर तो रेडिओ आकाशातल्या ठळक वस्तूंपैकी एक ठरेल. मग अँटेनाशेजारी कुणाच्या खिशात मोबाइल असला तर काय होईल? म्हणून तिथे तो बंद ठेवायचा असतो. त्याशिवाय खुद्द यंत्राची खरखर, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, विमानं, उपग्रह. या गलक्यात अब्जावधी वर्षं प्रवास करून आलेली कुजबुज शोधायची कशी?

उत्तर साधं आहे: ऐकत राहायचं. गोंगाट कधी वर जातो, कधी खाली. बराच वेळ बेरीज केली की तो स्वतःलाच खोडत जातो. खरा संकेत मात्र दरवेळी एकाच बाजूला भर घालतो. फक्त हिशेब कडक आहे. स्पष्टता वेळेच्या वर्गमुळाने वाढते. दुप्पट स्पष्ट हवं तर चौपट वेळ द्या, दहापट हवं तर शंभरपट. बाजारात भाव उतरवून घेता येतो. इथे घासाघीस नाही.

या चिकाटीचं फळ कसं असतं, त्याचं एक उदाहरण. जानेवारी 2023मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या शास्त्रज्ञांनी जीएमआरटीच्या नोंदींतून एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत मिळाल्याचं जाहीर केलं. तो निघाला सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी. आपली पृथ्वी जन्मली तेव्हा तो निम्मी वाट चालून आला होता! निघताना 21 सेंटिमीटरची असलेली लहर विश्व प्रसरण पावत गेल्याने ताणली जाऊन 48 सेंटिमीटरची झाली होती. एवढ्या लांबून ती एरवी हाती लागली नसती, पण वाटेत मध्येच दुसरी दीर्घिका आडवी आली आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाचं काम करून संकेत सुमारे तीसपट वाढवला.

बातमी एका दिवसाची असते, तिच्यामागचं काम मात्र बहुतेक वेळा टेबलाशी बसून करायचं. दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून वर्षातून दोनदा अर्ज मागवले जातात. कोणती वस्तू, किती तास, का, आणि दुसऱ्या दुर्बिणीवर का नाही, हे पटवून द्यावं लागतं. जगभरातून मागितलेले तास उपलब्ध तासांपेक्षा जास्तच असतात, म्हणून पुष्कळ अर्ज परत येतात. वेळ मिळालाच, तर निरीक्षणाच्या सुरुवातीला आधी ओळखीच्या, ठाऊक तेजाच्या वस्तूकडे अँटेना वळवायच्या. दुकानदाराने वजनकाटा तपासावा तसं. मधूनमधून पुन्हा शेजारच्या ओळखीच्या वस्तूकडे बघून यायचं. वारा फार सुटला की सगळ्या अँटेना तोंड वर करून स्वस्थ, आणि तुमचे तास गेले. त्यानंतर येतात संगणकापुढचे महिने: खराब नोंदी निवडून काढायच्या, प्रोग्रॅम लिहायचे, चित्र तयार करायचं, ते चुकीचं निघालं की पुन्हा पहिल्यापासून. आकाश बघण्याचे तास थोडे, तांदूळ निवडण्याचे फार.

हे सगळं मुलांपर्यंत पोचणार कसं? दर वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदची दारं सर्वांसाठी उघडतात. आसपासच्या तालुक्यांतून शाळा येतात, मुलं स्वतः केलेली उपकरणं मांडतात. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारणारे जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आयुकाच्याच मुक्तांगण विज्ञान शोधिकेत शिक्षकांनाही प्रयोग हाताने करायला मिळतात. शिक्षकांवर भर का, त्याचाही हिशेब आहे. शास्त्रज्ञ एखाद्या शाळेत एकदा बोलून जातो. शिक्षक वर्षाला चाळीस मुलं धरली तरी पंचवीस वर्षांत हजार मुलांना भेटतो, आणि रोज भेटतो. क्षीण संकेत टिपायला हवी असलेली ही पुनरावृत्ती त्याच्याच हाती असते.

आपल्याकडे शिक्षकाच्या वाटेत अडचणीही नामी. शून्य सावलीचा दिवस घ्या, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते तो दिवस. पुण्यात तो 13-14 मेच्या सुमारास येतो, तेव्हा शाळेला सुट्टी. पुन्हा जुलैअखेरीला येतो, तेव्हा आभाळ भरलेलं! पण हुशार शिक्षक त्यासाठी अडून बसत नाही. जानेवारीतल्या कुठल्याही दिवशी पटांगणात काठी रोवून, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायला सांगितली, की सर्वांत आखूड सावली घड्याळातल्या बाराला पडत नाही हे मुलांना आपोआप दिसतं. का नाही, हा प्रश्न पुस्तकात नव्हता. तो मुलांनी स्वतः शोधलेला असतो.

मग त्यांतली एखादी मुलगी म्हणते, मला हेच करायचंय. घरचे विचारतात, हे करून पोट भरेल का? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बीएस्सी, एमएस्सी, मग पाच-सहा वर्षं पीएचडी, मग दोन-तीन वर्षांच्या एक-दोन तात्पुरत्या नेमणुका, बहुधा परदेशी. कायमची नोकरी मिळेतो पस्तिशी जवळ येते, आणि त्या जागाही मोजक्या. पीएचडीची शिष्यवृत्ती 2023पासून महिना 37 हजार रुपये झाली, पण ती वेळेवर जमा होत नाही ही तक्रार संशोधक विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकू येते. त्या वयात बरोबरीच्यांची घरं उभी राहिलेली असतात. मुलींवर तर त्याच वर्षांत लग्नाचा आणि मुलाबाळांचा तगादा असतो.

दुसरी बाजूही खरी आहे. खोडदच्या अँटेना एकट्या खगोलशास्त्रज्ञांनी उभ्या केल्या नाहीत. त्यात यंत्र अभियंते, इलेक्ट्रॉनिक्सवाले, वेल्डर, प्रोग्रॅमर होते आणि आजही आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे; तिला 2023मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या एसकेए या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीत भारताच्या सहभागाला 1,250 कोटी मंजूर झाले आहेत. गोंगाटातून संकेत वेगळा काढायला शिकलेलं माणूस आकाश सोडूनही उपाशी राहत नाही. रुग्णालयातल्या स्कॅनपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत त्याला काम आहे.

तरीही यंत्रांना मिळालेले कोटी रुपये बघून माझ्या मनात एक शंका राहते. वर्गमुळाचा तो नियम आपण दुर्बिणीच्या बाबतीत निमूटपणे मानतो: तिला शंभर तास लागणार असतील तर शंभर तास देतो. त्याच दुर्बिणीसमोर बसणाऱ्या तिशीतल्या मुलीला मात्र दर दोन वर्षांनी विचारतो, अजून किती? तिची शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला आली, पुढची नेमणूक आधीची संपायच्या आत कळली, तर विश्वाचं कोडं लगेच सुटेल असं नाही. पण 880 कोटी वर्षं चालत आलेली लहर जाळीवर येऊन टेकेल, तेव्हा ती ऐकायला खुर्चीत कुणी तरी असेल.