उत्तरेचं पाखं

पावणेसहा

छपराचं काम करणाऱ्या अण्णांनी शिडी भिंतीला टेकवली, पण चढले नाहीत. आधी तुळशीच्या कट्ट्यावर तळहात फिरवला, बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. कोरडी निघाली. "चल," म्हणाले, "दव नाय." शेवाळलेल्या कौलावर दव असेल तर चढायचंच नाही, ही त्यांची पहिली अट. दुसरी अट अशी, की खाली खळ्यात एक माणूस उभं पाहिजे, काम असो वा नसो. तो माणूस म्हणजे माझा पुतण्या. त्याला झोपेतून ओढून आणला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. मृगाला तीन-साडेतीन आठवडे राहिलेले. कुडाळ तालुक्यातलं आमचं घर साधं, दोन पाख्यांचं. दक्षिणेचं पाखं दिवसभर ऊन खातं आणि विटकरी दिसतं. उत्तरेच्या पाख्यावर फणस वाकलाय. ते पाखं पावसात हिरवंगार असतं आणि आता मे महिन्यात काळपट तपकिरी झालेलं, जणू कुणी जुनं घोंगडं वाळत घातलंय.

सहा

चढायचं कसं, यावर पंधरा मिनिटं गेली. अण्णांनी छपरावर दुसरी शिडी आडवी टाकली, खाली गोणपाट घातलं आणि वरचं टोक सुंभानं आढ्याला बांधलं. चपला खाली. विजेची सर्व्हिस वायर कुठून येते ते मला बोट दाखवून विचारलं आणि मी बरोबर उत्तर देईपर्यंत पुढे जाऊ दिलं नाही.

"पाय कौलाच्या पोटार नको. रीप खय आसा ता बघ, थय ठेव."

मंगलोरी कौल खालच्या कडेला दुसऱ्या कौलावर चढतं, आणि तिथेच खाली लाकडी रीप असते. भार तिथेच द्यायचा. मध्ये पोकळी असते, पाय पडला की कौल गेलंच. मी पहिल्या तासात दोन फोडली. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त मोठ्यानं मोजलं, "एक... दोन."

साडेसहा ते साडेआठ

हत्यारं बघून मी जरा खट्टू झालो होतो. मी डोंबिवलीहून येताना तारेचा ब्रश आणला होता, चांगला दांड्याचा. अण्णांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि पुतण्याकडे खाली टाकला. त्यांच्याकडे होती बांबूची बोथट पाती, एक खराटा आणि नारळाचं सोडण. बांबू शेवाळ उचलतो, पण कौलाला ओरखडा काढत नाही. उरलेलं सोडणानं घासायचं आणि खराट्यानं ओढायचं. सगळं वरून खाली. खालून वर एक फटकारा मारलात तर कचरा दोन कौलांच्या सांध्यात जाऊन बसतो, आणि पावसाळ्यात तिथूनच गळायला लागतं.

वाळलेलं शेवाळ पापडासारखं सुटतं. याला मूळ नसतं. असतात ते केसासारखे धागे, आणि त्यांचं काम कौलाच्या छिद्रांना धरून ठेवणं, एवढंच. पाणी ते अंगभर पितं, कारण पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं असतं. उन्हात वाळलं तरी ते मरत नाही, नुसतं थांबतं. बी नाही, बीजाणू; ते वाऱ्यावर येतात. त्यात तुटलेल्या तुकड्यातूनही नवं रोप होतं. म्हणजे आज आपण जे खरवडून पन्हळीत लोटतोय ते तिथेच राहिलं, तर आपण साफसफाई केलेली नसते, लावणी केलेली असते.

शेवाळानं कौल फुटतं असं मला वाटायचं. अण्णांनी एक कौल सरकवून दाखवलं. मंगलोरी कौलाच्या कडेला खाचा असतात, एकाची खाच दुसऱ्याच्या ओठात बसते, आणि पाणी त्या खाचेतून खाली जातं. ती खाच शेवाळानं आणि त्यात अडकलेल्या मातीनं बुजली होती. पाणी आलं की तिथे बांध पडतो, ते आडवं चढतं आणि ओठावरून आत उतरतं. मग रिपेवर, रिपेवरून वाशावर, वाशावरून घरंगळत कुठेतरी चार हात लांब माजघरात टपकतं. आम्ही तीन वर्षं माजघरावरची कौलं बदलत होतो. गळतीचं मूळ होतं पार आढ्याजवळ.

खाचेतल्या त्या मातीत एक नेचा उगवला होता आणि एक वीतभर पिंपळ. पिंपळ मी उपटणार, तोच अण्णांनी हात धरला. मूळ दोन कौलांखालून गेलेलं. आधी कौलं काढली, मग मूळ सबंध सोडवलं. उपटलं असतं तर मूळ तुटून आत राहिलं असतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर आलं असतं. एका कौलाखाली गांधील माश्यांचं पोळं होतं. रिकामं.

पावणेनऊ

पेज, खारातली कैरी, भाजलेला सुका बांगडा. पुतण्या अंगठ्याएवढं वाळकं शेवाळ खाली घेऊन आला होता. मी ते करवंटीत टाकलं, वर पाणी ओतलं. पेजेचा पहिला वाडगा संपायच्या आत त्या तुकड्यानं पानं उघडली आणि हिरवं झालं. पोरगं अवाक. मलाही, खरं सांगायचं तर, घटकाभर ते परत वर नेऊन ठेवावंसं वाटलं.

साडेदहा

खाली उतरलो. कौल इतकं तापलं होतं की अण्णांचा अनवाणी पायसुद्धा टिकेना. छपराचं काम या दिवसांत साडेदहापर्यंत, मग थेट चारनंतर. फुटकी मोजली, माझ्या दोनांसह एकोणीस. पडक्या गोठ्यावरची जुनी कौलं उतरवून खळ्यात मांडली. ती उलटी केली की पोटावर कारखान्याचा छाप दिसतो. ही कौलं मंगळूरकडची. तिथे बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी नदीकाठच्या चिकणमातीवर १८६० च्या दशकात कारखाना घातला आणि किनाऱ्यानं ही कौलं वर कोकणापर्यंत आली. त्याआधी आमच्याकडे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं. अण्णांच्या बापजाद्यांचा धंदा दरवर्षी नळे परतण्याचा. वानरं आणि मांजरं नळे हलवायची, म्हणून मे महिन्यात अख्खं छप्पर काढून पुन्हा रचायचं. "कौलां इली आणि आमचा काम अर्ध्यार इला," अण्णा म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता.

अकरा

आता मला एक कबुली द्यायची आहे.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर मी अण्णांना न सांगता शहरातून जोराच्या पाण्याचा पंप मागवला होता. दोन पोरं आली, दुपारपर्यंत सगळं छप्पर धुऊन निघालं. कौलं भट्टीतून काल काढल्यासारखी लाल. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. पुढच्या गणपतीत आलो तेव्हा उत्तरेचं पाखं आधीपेक्षा जाड हिरवं होतं, आणि माजघरात दोन घमेली लावलेली.

त्याचं कारण आज खळ्यात कळलं. गोठ्याचं कौल त्या पंपातून वाचलेलं होतं. ते आणि घराचं एक फुटकं कौल शेजारी ठेवून अण्णांनी दोन्हींवर पळीभर पाणी सोडलं. गोठ्याच्या कौलावर पाणी क्षणभर थेंबाथेंबानं थांबलं, मग उतरलं. घराच्या कौलानं ते जागच्या जागी पिऊन टाकलं, ओला डाग तेवढा राहिला. भट्टीत कौलावर जी घट्ट कातडी येते ती त्या पाण्याच्या माऱ्यानं सोलली गेली होती. आतली माती उघडी पडली. छिद्रं जास्त, ओल जास्त, आणि शेवाळाला धरायला जागाही जास्त. शिवाय मारा खालून वर दिला होता, म्हणजे सांध्यांतून पाणी आणि गाळ दोन्ही आत. पोरांची चूक नाही. त्यांना लाल रंग आणायला सांगितला होता, त्यांनी आणला.

अण्णांना हे दोन वर्षं माहीत होतं. एका शब्दानं बोलले नव्हते.

दुपार

कुळथाची पिठी, भात, सोलकढी. अण्णा ओटीवर आडवे झाले. मी झोपलो नाही.

अडीच

वाद बोर्डोवरून झाला. आमच्याकडे सुपारीवर कोळेरोग येतो, म्हणून पाऊस लागायच्या आत घडांवर बोर्डो मारतात. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात विरघळवायचं, लोखंडी भांडं खाऊन टाकतं. मिश्रण झालं की विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला. औषध मूळचं फ्रान्सातल्या बोर्डोच्या द्राक्षमळ्यांतलं, १८८० च्या दशकातलं. पण आता ते इतकं आमचं झालंय की बागेतला म्हातारासुद्धा प्रमाण झोपेत सांगेल. मोरचुदातल्या तांब्यानं बुरशी मरते, तसं शेवाळही मरतं. मग उरलेलं औषध छपरावर का मारू नये? माझा मुद्दा बिनतोड होता असं मला वाटत होतं.

अण्णांनी विहिरीकडे हात केला. छपरापासून वीस पावलं. पलीकडे व्हाळ, त्यात पावसाळ्यात मासे चढतात. तांबं कुजत नाही, विरत नाही. पाण्याबरोबर जातं आणि माशांना ते विष. सुपारीच्या घडावर मारतो ते मोजकं. सबंध पाख्यावर मारलं की पहिल्या सरीला सगळं पन्हळीत. आणि आमची पन्हळ जस्ताच्या पत्र्याची. तांब्याचं पाणी तिच्यावरून वाहत राहिलं तर पत्रा सडतो. हे शेवटचं मला पटकन पटलं, कारण पन्हळ नवी आहे.

मग त्यांनी मला परत शिडीवर चढवलं, फक्त मान वर जाईल इतकं. "थय बघ. पत्र्याखाली."

बाबांनी टीव्हीचा अँटेना बसवला तेव्हा आढ्याजवळ एक कौल फुटलं होतं, तिथे जस्ताच्या पत्र्याचा तुकडा ठोकला होता. अँटेना कधीच गेला. तुकडा राहिला. आणि त्याच्या बरोबर खाली, उताराच्या अर्ध्यापर्यंत, हातभर रुंदीचा पट्टा स्वच्छ. दोन्ही बाजूंना घोंगडं आणि मध्ये लाल वाट. पाऊस पत्र्यावरून थोडं थोडं जस्त घेऊन उतरतो आणि शेवाळाला तेवढं पुरतं. मी या छपराखाली लहानाचा मोठा झालो. हा पट्टा मला कधी दिसला नव्हता.

साडेतीन

खरी लढाई फणसाची. घासणं, पत्रा, सगळं दुय्यम. वर सावली आणि पानं राहिली तर तिसऱ्या पावसात सगळं जैसे थे. छपरावर आलेली मोठी फांदी गेली तर दुपारचं ऊन पाख्यापर्यंत पोचेल आणि वारा फिरेल.

"फणसाक हात लावू नकात अण्णा," आई दारातूनच म्हणाली. त्या फांदीला अकरा फणस होते. तिनं मोजलेले.

"वैनी, घर गळता मां?"

"गळूंदे. कापो आसा तो."

यावर अण्णांकडेही उत्तर नव्हतं. कापा फणस तोडायचा सल्ला द्यायला माणूस फार धीट लागतो. त्यांनी पानांनी भरलेल्या तीन बारीक डहाळ्या तेवढ्या छाटल्या, आणि फांदीच्या बुंध्याशी कोयतीनं एक खूण केली. आईनं ती पाहिली.

साडेचार

कौलं निवली. जस्ताच्या पत्र्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या पुतण्यानं दुपारी कापून ठेवल्या होत्या. आढ्याच्या कौलांखालची चुन्याची सांध जिथे सुटली होती तिथे उकरली, पट्टीची एक कड आत सारली, उरलेली उघड्यावर ठेवली आणि सांध पुन्हा भरली. पट्टी झाकून उपयोग नाही; पाऊस तिच्यावर पडला पाहिजे. आढ्यापासून खाली जाल तसा तिचा जोर कमी होतो, म्हणून पागोळीजवळच्या दोन ओळी दरवर्षी हातानंच झाडाव्या लागतील. मुलामा झिजला की पत्रा गंजेल, तेव्हा बदलायची. जस्तही माशांना दूध नव्हे. म्हणून पहिल्या चार-पाच सरींचं पाणी विहिरीकडे न सोडता माडाच्या आळ्यात सोडायचं ठरलं.

कातडी गेलेल्या कौलांचं काय करायचं, ते मी विचारलं. "काय्येक नाय," अण्णा म्हणाले. जी सोललीयत ती सोललीयत. ओल धरतील, दरवर्षी झाडावी लागतील, फुटतील तशी बदलायची. रंग मारावा का? तर आत ओल असताना वरून रंग मारला की तो पोपडे धरतो, आणि पोपड्याखाली शेवाळाला आयता आडोसा. बदललेली एकोणीस कौलं मात्र चांगल्या कातडीची आहेत, ती आम्ही मुद्दाम फणसाखालीच बसवली.

सव्वासहा

पन्हळ साफ केली. चार घमेली निघाली: शेवाळ, पानं, चिखल, एक प्लास्टिकचा चेंडू. चेंडू पुतण्याचा, हरवलेला. शेवाळावर औषध काही मारलेलं नसल्यानं ते सगळं माडाच्या आळ्यात घातलं. ओट्याच्या पायऱ्या ब्लिचिंग पावडर टाकून घासल्या. तिथे माणसं घसरतात, तिथे मी कुणाचं ऐकत नाही; पण ते पाणी तुळशीकडे जाऊ दिलं नाही.

अण्णा हातपाय धुऊन चहाला बसले. आईनं त्यांच्यासमोर बशीत लाडू ठेवला आणि म्हणाली, फणस उतरले की फांदी तोडा. अकरापैकी चार घरात, सात वाटायचे. उतरायला अजून पंधरा दिवस. म्हणजे मृगाच्या आधी साधारण आठवडा मिळतो. अण्णांनी कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला.