पहिलं मत घरच्याला, दुसरं मत कोणाला? अभिजीत सावंत आणि 'एशियन आयडल'चा धडा



आपल्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, सुरुवातीला नातेवाईक, सोसायटीतले, ऑफिसचे जुने मित्र सगळ्यांनी ऑर्डर दिल्या. तीन महिन्यांनी फोन वाजायचा बंद झाला. माझा माल खराब आहे का?"

माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. फक्त घरची मतं संपलेली असतात. म्हणजे काय, ते आज गाण्याच्या स्पर्धेतून समजून घेऊ.

२०२२ मध्ये पनवेलचा सागर म्हात्रे 'इंडियन आयडल मराठी' जिंकला तेव्हा आपल्या भागातल्या लोकांना किती आनंद झाला होता, आठवतंय? "आपला पोरगा आहे!" ही भावनाच जबरदस्त असते. २००७ मध्ये प्रशांत तमांग हिंदी 'इंडियन आयडल' जिंकला, तेव्हा दार्जिलिंग आणि सिक्कीमच्या लोकांनी त्याच्यासाठी अक्षरशः मोहीम चालवून मतं दिली होती. देशातल्या स्पर्धेत असं घट्ट पाठबळ खूप कामाला येतं.

आता त्याच्या पुढची पायरी बघा. मुंबईचा मराठी मुलगा अभिजीत सावंत ५ मार्च २००५ रोजी पहिला 'इंडियन आयडल' झाला. डिसेंबर २००७ मध्ये इंडोनेशियात जकार्ताला 'एशियन आयडल' झाली. भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि व्हिएतनाम असे सहा देश, प्रत्येकाचा एक विजेता. भारतातर्फे अभिजीत गेला.

तिथे मतदानाचा नियम वेगळा होता. प्रेक्षकाला एक नाव देऊन चालत नव्हतं, दोन नावं द्यावी लागत होती.

जरा विचार करा. भारतातला माणूस पहिलं नाव कोणाचं देणार? अभिजीतचं. इंडोनेशियातला? आपल्या माइक मोहेडेचं. पहिलं मत ज्याच्या त्याच्या घरच्यालाच. मग फरक कुठे पडणार? दुसऱ्या मतात! म्हणजे "आमचा तर आहेच, पण त्याच्यानंतर हा आवडला" असं परक्या देशातले लोक कोणाबद्दल म्हणतात, त्यात.

जिंकला कोण? सिंगापूरचा हॅडी मिर्झा. सहा देशांत सगळ्यात कमी लोकसंख्या सिंगापूरची, तेव्हा पन्नास लाखसुद्धा नाही. निव्वळ घरच्या मतांवर तो भारताला किंवा इंडोनेशियाला भारी पडणं शक्य होतं का?

युरोपात १९५६ पासून चालणाऱ्या 'युरोव्हिजन' स्पर्धेत तर प्रेक्षकाला स्वतःच्या देशाच्या गाण्याला मतच देता येत नाही. देशातली निवड फेरी घरच्यांच्या जोरावर जिंकाल, पण पुढे परक्यांनाच पटवावं लागतं.

आता हे आपल्या धंद्यात आणू.

समजा, तुम्ही खारघरमध्ये घरगुती पोळी-भाजी सुरू केली. ज्या अनोळखी घराची बेल तुम्ही वाजवता, तिथे आधीच एक मावशी पोळ्या करायला येतात. तुम्ही म्हणता, "त्यांच्यापेक्षा आमच्या पोळ्या चांगल्या, आमच्याकडून घ्या." समोरची ताई दार लावून घेते. का? कारण तुम्ही तिचं पहिलं मत मागितलंत. ते कोणी सहजासहजी देत नाही.

त्याऐवजी असं म्हणून बघा : "ताई, तुमच्या मावशी आहेतच. त्या सुट्टीवर असतील त्या दिवशी फक्त मला फोन करा. सकाळी सातपर्यंत कळवलंत तर नऊला पोळ्या घरी."

आता हिशोब करा. अशी शंभर घरं धरा. प्रत्येक मावशींची महिन्यात तीन दिवस सुट्टी धरली तर तीनशे संधी झाल्या. त्यातल्या एक तृतीयांश आल्या तरी महिन्याला शंभर ऑर्डर, आणि त्याही अनोळखी घरांतून. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या इमारतीत विचारून स्वतःचे आकडे भरा.

मात्र दुसरी पसंती व्हायचं तर तीन गोष्टी सांभाळा.

एक, ऐनवेळी हजर राहा. दुसऱ्या पसंतीची आठवण अडचणीतच होते. तेव्हा फोन उचलला नाही, तर तुमचं नाव यादीतून गेलं.

दोन, पहिल्याची निंदा नको. त्या मावशी त्या घराच्या 'घरच्या' आहेत. त्यांना नावं ठेवलीत, तर मत तुमचंच जाईल.

तीन, गर्दीचा दिवस ओळखा. गणपतीत सगळ्याच मावशी गावाला जातात. शंभर घरांचे फोन एकाच सकाळी येतील. झेपेल तेवढंच आगाऊ बुकिंग घ्या आणि बाकीच्यांना आदल्या दिवशीच स्पष्ट नाही सांगा. त्या दिवशी 'हो' म्हणून फसवलंत, तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

आणि हो, घरची मतं विसरू नका! अभिजीत जकार्तापर्यंत पोहोचला तो आधी देशात जिंकला म्हणूनच. ओळखीचे ग्राहक तुम्हाला उभं करतात, त्यांचे आभार माना. पण त्यांच्या आटलेल्या ऑर्डरवरून स्वतःच्या मालाला नापास करू नका. परीक्षा अजून झालेलीच नाही.

या आठवड्याचा गृहपाठ : वहीत दोन रकाने करा. डावीकडे मागच्या महिन्यातले ओळखीचे ग्राहक, उजवीकडे अनोळखी. उजवा रकाना रिकामा असेल तर घाबरू नका. पाच अनोळखी घरं किंवा दुकानं निवडा आणि प्रत्येकाला एकच विचारा : "तुमचा नेहमीचा माणूस नसतो, तेव्हा तुम्ही काय करता?"

त्यांचं उत्तर नीट लिहून घ्या. तुमचा एक्कावन्नावा ग्राहक त्यातच सापडेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, कामाला लागा!