विलोब्रूकचा बागुलबुवा आणि मृतदेह नसलेला खटला

ओसाड पडलेलं हॉस्पिटल, आजूबाजूला जंगल आणि वर्षानुवर्षं न उलगडलेला गुन्हा, असा एखादा भाग करा म्हणून बरेच जण मागे लागले होते. असल्या गोष्टी बहुतेक वेळा कादंबरीतच असतात. आजची मात्र खरी आहे, आणि मला त्यातल्या भुतांपेक्षा कायद्याच्या एका कलमात जास्त रस आहे. त्यामुळे भुतं लवकर आटोपतो.

ठिकाण आहे न्यूयॉर्कमधलं स्टेटन आयलंड. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मॅनहॅटनचे टॉवर येतात, पण हे बेट त्याच शहराचा भाग असूनही मधोमध बऱ्यापैकी झाडी असलेलं, थोडं बाजूला पडलेलं. अशा बाजूला पडलेल्या जागी शहरं काय करतात? नकोशी माणसं तिथे नेऊन ठेवतात. क्षयरोग्यांचं रुग्णालय तिथे होतं, निराधारांसाठीची वसाहत तिथे होती, आणि विलोब्रूक स्टेट स्कूलही तिथेच होतं.

नावात ‘स्कूल’ असलं तरी ती शाळा नव्हती. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी हॉस्पिटल होतं, आणि युद्धानंतर ती बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची आणि मोठ्यांची निवासी संस्था झाली. साधारण ४,००० माणसांच्या जागेत १९६०च्या दशकात ६,०००च्या आसपास माणसं कोंबलेली होती. १९६५ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी अचानक येऊन गेले आणि जे पाहिलं त्यावर जाहीरपणे बोलले. फरक फारसा पडला नाही. तिथल्या मुलांना मुद्दाम हिपॅटायटिसची लागण करून संशोधनही चाललं होतं. हिपॅटायटिसचे दोन वेगळे प्रकार आहेत हे समजायला त्या कामाची मदत झाली, आणि वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गात ‘काय करू नये’ म्हणून आज तेच शिकवतात.

१९७२ मध्ये तिथल्या एका बडतर्फ डॉक्टरने आपल्याजवळची किल्ली वापरून जेराल्डो रिव्हेरा या तरुण टीव्ही पत्रकाराला आत नेलं. अंधाऱ्या वॉर्डात उघडीनागडी, जमिनीवर बसलेली मुलं लोकांनी जेवायच्या वेळी टीव्हीवर पाहिली. मग खटला, १९७५ चा तडजोडीचा आदेश, एकेका इमारतीचं रिकामं होणं, आणि १९८७ मध्ये संस्था अधिकृतपणे बंद.

आता त्या बेटावरची मुलं एकमेकांना क्रॉप्सीची गोष्ट सांगायची. क्रॉप्सी म्हणजे न्यूयॉर्क भागातला बागुलबुवा, समर कॅम्पच्या शेकोटीभोवती सांगायचा. प्रत्येक ठिकाणी त्याचं रूप वेगळं. स्टेटन आयलंडवर तो रिकाम्या हॉस्पिटलात राहायचा आणि मुलांना पळवून न्यायचा. आणि तिथे मुलं खरंच नाहीशी होत होती.

जुलै १९८७ मध्ये डाउन सिंड्रोम असलेली १२ वर्षांची मुलगी घराजवळून गायब झाली. गावातले लोक स्वतःहून शोधायला बाहेर पडले, आठवडेच्या आठवडे. महिनाभराने विलोब्रूकच्या आवारात उथळ पुरलेला तिचा मृतदेह सापडला. जवळच आंद्रे रँड नावाच्या माणसाचा मुक्काम होता, झाडीत केलेला तात्पुरता आडोसा. हा माणूस १९६०च्या दशकात विलोब्रूकमध्येच वॉर्डबॉयसारखं काम करायचा. १९६९ मध्ये एका लहान मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रयत्नासाठी त्याने तुरुंगवास भोगला होता. १९८३ मध्ये परवानगीशिवाय ११ मुलांना गाडीत घालून फिरवल्याबद्दल पुन्हा शिक्षा. अटकेनंतर पोलिस त्याला नेत असतानाचा एक फोटो छापून आला: विस्कटलेला, तोंडातून लाळ गळतेय. क्रॉप्सीला चेहरा मिळाला.

इथे मी थांबतो, कारण बहुतेक ट्रू क्राइमवाले इथे ‘आणि राक्षस सापडला’ म्हणून मोकळे होतात. १९८८ च्या खटल्यात ज्युरीने काय केलं ते बघा. अपहरणाचा गुन्हा सिद्ध मानला. खुनावर मात्र त्यांचं एकमत झालं नाही! म्हणजे प्रेत सापडलं, आरोपी सापडला, तरीही ‘खून याने केला’ हे कायद्याने आजपर्यंत म्हटलेलं नाही. त्याला मुलीसोबत पाहिल्याच्या साक्षी होत्या. मारताना कुणी पाहिलं नव्हतं. शिक्षा झाली २५ वर्षं ते जन्मठेप.

मग सोळा वर्षांनी, २००४ मध्ये, दुसरा खटला. १९८१ मध्ये नाहीशी झालेल्या सात वर्षांच्या मुलीचा. हिचा मृतदेह कधीच सापडला नाही. घटना तेवीस वर्षं जुनी. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग डिलीट झालेत, सर्व्हर भंगारात गेलाय, आणि तुम्हाला विचारतायत की बग कुणी टाकला. तरी ज्युरीने दोषी ठरवलं. कसं काय?

पहिली गोष्ट मुदतीची. बऱ्याच गुन्ह्यांना खटला भरायची कालमर्यादा असते. न्यूयॉर्कमध्ये सगळ्यात वरच्या वर्गातल्या गुन्ह्यांना ती नाही, आणि पहिल्या दर्जाचं अपहरण त्या वर्गात येतं. त्यामुळे तेवीस वर्षांचा अडसर नाहीच.

दुसरी गोष्ट खरी गंमतीची (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण असो). अपहरण पहिल्या दर्जाचं ठरायचे काही मार्ग आहेत. खंडणी हा एक. दुसरा असा की अपहृत व्यक्ती सुखरूप परत येण्याआधी मेली. पण मेली हे दाखवायचं कसं, मृतदेहच नसेल तर? कायदा म्हणतो, अपहृत मूल सोळा वर्षांखालचं असेल, आणि खटला उभा राहीपर्यंत आईवडिलांना ते दिसलं नाही, त्याच्याकडून काही कळलं नाही, ते जिवंत असल्याची भरवशाची माहितीही मिळाली नाही, तर मृत्यू गृहीत धरता येतो. आपल्याकडे बेपत्ता माणसासाठी सात वर्षांचा नियम आहे तो बहुतेकांना ठाऊक असतो, वारसा नाहीतर विम्याच्या भानगडीत तो निघतोच. इथे वर्षांची अट नाही. लहान मूल घरी आलं नाही, निरोप नाही, पत्ता नाही, एवढं पुरतं.

म्हणजे सरकारी वकिलाला ‘कसं मारलं, कुठे पुरलं’ याचं उत्तर द्यावंच लागत नाही. फक्त ‘नेलं यानेच’ हे निःसंशय दाखवायचं. प्रश्न छोटा झाला, पण उरलेला सगळा भार साक्षीदारांच्या आठवणीवर आला. आणि माझं अडतं ते इथेच. तेवीस वर्षांपूर्वी रस्त्यावर कोण दिसलं होतं, हे आठवायचं. मधल्या काळात तो लाळ गाळणारा फोटो किती वेळा पाहिला असेल? आठवण डिस्कवरच्या फाइलसारखी नसते, दरवेळी उघडली की थोडी पुन्हा लिहिली जाते. साक्षीदार खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. त्यांची खात्री आणि त्यांची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच. रँडने दोन्ही गुन्हे नाकारले आहेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हे कलम नसतं तर मृतदेह नीट लपवणाऱ्याला बक्षीसच मिळालं असतं, आणि त्या सात वर्षांच्या मुलीच्या घरच्यांना कोर्टाची पायरीही चढता आली नसती. मला विचाराल तर कलम योग्य आहे, पण त्याच्या जोडीला साक्षींची फार कडक तपासणी हवी. हे दोन्ही एकत्र नसेल तर भीती वाटते.

याच प्रकरणावर जोशुआ झिमन आणि बार्बरा ब्रँकाचिओ यांनी २००९ मध्ये ‘क्रॉप्सी’ नावाची डॉक्युमेंटरी केली. दोघेही याच बेटावर वाढलेले. भुयारं, टॉर्च, पडके वॉर्ड हे सगळं त्यात आहे आणि अंगावर काटा येतोच. मला जास्त लक्षात राहिली ती मात्र गावातली माणसं. काही जणांचं अजूनही शोधणं चालू आहे, कारण त्या वर्षांत त्या बेटावरून नाहीशी झालेली आणखीही काही जण आहेत ज्यांच्याबाबत कुणावर खटलाच झाला नाही.

विलोब्रूकच्या मोठ्या भागात १९९३ पासून कॉलेज ऑफ स्टेटन आयलंड भरतं. दोन्ही शिक्षा एकापाठोपाठ एक भोगायच्या असल्याने रँडला पॅरोल मागता येईल ते २०३७ मध्ये. तेव्हा तो त्र्याण्णव वर्षांचा असेल. दुसरी मुलगी कुठे आहे, हे त्याने आजवर सांगितलेलं नाही.